दोन बोटांची फट

मास्तरांनी तीस वर्षांत एकाच माणसाचं माप चुकीचं घेतलं, आणि तेही मुद्दाम. चुकून चुकलेलं माप उसवता येतं. मुद्दाम चुकवलेल्याची शिवण कुठून धरायची तेच कळत नाही.

झालं होतं इतकंच. रविवारची सकाळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तरीणबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शर्टांना काजं करत होत्या. आरशासमोर मास्तरांचे भाऊजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, बनियन छातीपर्यंत गुंडाळून आणि दोन्ही हात वर करून उभे होते, पोलिसांना शरण आल्यासारखे. मास्तरांनी टेप पोटाभोवती फिरवून बेंबीवर आणली, टोकं जुळवली आणि आकडा पाहिला. बेचाळीस इंच. गेल्या रविवारी बेचाळीस, त्याच्या आधीच्या रविवारी बेचाळीस, महिन्यापूर्वी पहिल्या दिवशीही बेचाळीसच.

"किती?" भाऊजींनी छताकडे बघत विचारलं. खाली बघून काही उपयोग नव्हता. आकडा पोटाच्या पलीकडच्या उतारावर होता आणि तो भाग त्यांनी बरीच वर्षं पाहिलेला नव्हता.

मास्तरांनी टोकं पुन्हा एकदा जुळवून पाहिली.

"बेचाळीसच ना? मग ती सायकल मी आजच्या आज परत देतो. महिनाभर रोज चाळीस मिनिटं, मास्तर. घाम असा की बायको फरशी पुसायला फडकं घेऊन उभी. आणि पोट जागचं हलत नाही. तसंही तुम्ही तीस वर्षं मशीनवर पाय मारताय, तुमचं कुठे उतरलंय?"

हे शेवटचं बोलणं मास्तरांना जरा लागलं, कारण ते खरं होतं. पण जास्त लागला तो भाऊजींचा चेहरा. एवढा मोठा माणूस, रस्त्यावर बस आणली की रिक्षावाले आपोआप बाजूला होतात, आणि इथे आरशासमोर नापास मुलासारखं तोंड करून उभा. मास्तरांनी टेपचं टोक बोटभर मागे सोडलं. मधे फट पडली. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "सव्वाएकेचाळीस."

भाऊजींचे हात खाली आले. "खरं सांगताय?"

"टेप काय माझ्या घरची आहे का?" मास्तर म्हणाले. ती त्यांच्या घरचीच होती.

मास्तरीणबाईंची सुई क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. भाऊजी शीळ घालत गेले तेव्हा त्या काजावरून नजर न काढता म्हणाल्या, "आज बोट कुठे ठेवलं होतंत?"

"कुठे म्हणजे? टेपवर."

"हं," त्या म्हणाल्या. या "हं"ला उत्तर नसतं हे मास्तरांना लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

आता त्या मापाला इतकं महत्त्व का, ते सांगायला हवं. भाऊजी बस चालवत. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीचा कुणाला ओरखडा लागला नव्हता. एक कुंडी तेवढी फुटली होती, पण भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यात चूक कुंडीची होती. डेपो ते पाण्याची टाकी, अठरा किलोमीटर, असा त्यांचा मार्ग. तो त्यांना इतका पाठ होता की झोपेत कूस बदलतानाही ते डावीकडचा आरसा बघत असत, असं बहीण सांगायची. मार्गावर मास्तरांचं दुकान लागे. तिथून जाताना ते दोनदा हॉर्न वाजवत: एक मास्तरांना, एक मास्तरीणबाईंना. त्यावर मास्तर मशीनवरून मान वर न करता हात हलवत.

दरवर्षी डेपोत ड्रायव्हरांची तपासणी होई. आधीचे डॉक्टर जीभ बघून सही करत. यंदा नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी भाऊजींना दोन मजले, चाळीस पायऱ्या चढायला लावल्या आणि वर पोचल्यावर बिल्ल्याचा नंबर विचारला. भाऊजींना नंबर आठवत होता, पण तो बाहेर यायला वाट नव्हती. वाट श्वासाने अडवली होती. बाईंनी नाडी मोजली, पोट मोजलं, कागदावर लिहिलं आणि चार महिने दिले. कंबर चाळीसवर आली पाहिजे, पायऱ्या चढून धड बोलता आलं पाहिजे. नाहीतर स्टेअरिंग बंद आणि बसचे पास द्यायच्या खिडकीत बसायचं. "जिवंतपणी फ्रेम करून भिंतीवर लावल्यासारखं वाटतं हो तिथे," भाऊजी म्हणत.

सायकल बहिणीने आणली. जागेवरच चालवायची, चाकाऐवजी पुढे एक लोखंडी तबकडी, हँडलवर किलोमीटर दाखवणारी काचेची चौकट. शेजारच्या इमारतीतल्या एकांनी ती दोन वर्षं टॉवेल वाळत घालायला वापरली होती. त्यामुळे ती आली तीच थोडी ओशाळलेली, आणि हँडलला ओल्या कापडाचा वास. बहिणीने ती पुसून खिडकीशी मांडली आणि तशीच भावाकडे आली.

"दादा, वजनकाटा घरात ठेवून उपयोग नाही. ते एक पाय उचलून उभे राहतात आणि काट्यालाच शिव्या देतात. तू दर रविवारी माप घे. तुझं ऐकतील. पण खरं सांग हं. त्यांची मर्जी राखू नकोस."

"मी मापात मर्जी राखतो का कुणाची?" मास्तर म्हणाले होते. हे वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस एकटं गाठणार होतं.

पहिला महिना भाऊजींनी सायकलीची खरोखर सेवा केली. किलोमीटरच्या आकड्यात त्यांना गंमत वाटेना, म्हणून ते आपल्याच मार्गाने जाऊ लागले. चौकटीत दीड किलोमीटर आले की "शाळा" असं मोठ्याने पुकारत. चार आले की "बाजार, बाजार, मागचे पुढे सरका." सात आले की "हॉस्पिटल." बहीण स्वयंपाकघरातून विचारी, "सुटे आहेत का?" चाळीस मिनिटांत ते रोज पुलाच्या स्टॉपपर्यंत जात आणि तिथे टॉवेलने तोंड पुसून उतरत. एकदा पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्या रविवारी मास्तरांची टेप आणि डॉक्टरीणबाईंचा कागद एकाच आकड्यावर बोलले, तेव्हा भाऊजी डेपोत सांगत सुटले होते, "डॉक्टरचं माप एक वेळ चुकेल, आमच्या मास्तरांचं नाही."

अशा टेपने सव्वाएकेचाळीस म्हटलं.

मास्तरांचा हिशोब साधा होता. पोट आज ना उद्या उतरणारच. आपण फक्त चांगली बातमी आठवडाभर आधी सांगतोय. कापडाचं सणंग यायच्या आधी शिलाईची तारीख देतात, तसं. पुढच्या रविवारी ते खऱ्या आकड्याकडे परत येणार होते. पण पुढच्या रविवारी पुन्हा बेचाळीस आलं, आणि सव्वाएकेचाळीसवरून परत बेचाळीसवर यायचं म्हणजे माणसाला जिन्यावरून ढकलण्यासारखं. त्यांनी बोट तिथेच ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं बोट शेजारी आलं. साडेचाळीस.

इथे एक अडचण आली. ती पँटच्या रूपाने आली.

"मास्तर, दीड इंच उतरलं म्हणता, मग पट्टा त्याच भोकात कसा?" भाऊजींनी अगदी भाबडेपणाने विचारलं. "पँट तर तशीच आवळते."

मास्तरांनी टेप गुंडाळायला घेतली. खरं सांगायला याहून बरी वेळ आली नसती. "भाऊजी, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "धुऊन आटली असेल. गणवेशाचं कापड हल्ली फार आटतं. ठेवून जा, बघतो."

दुपारी दार लोटून घेऊन त्यांनी ती पँट उलटी केली. मागच्या शिवणीत चांगला शिंपी थोडं जास्तीचं कापड दाबून ठेवतो, माणूस सुटला तर सोडायला. मास्तर चांगले शिंपी होते. त्यांनी ब्लेडने शिवण उसवली आणि इंचभर कापड सोडलं. वर्षानुवर्षं आत दडलेली ती पट्टी गडद निळी होती, बाकीची पँट धुऊन धुऊन फिक्की झालेली. शिवण घालताना त्यांचा पाय नेहमीच्या लयीत पडेना, धागा दोनदा तुटला. मास्तरीणबाई आत भांडी घासत होत्या आणि जरुरीपेक्षा जास्त आवाज करत होत्या.

पँट घालून भाऊजी आरशासमोर फिरले. कमरेत हात घालून बघितला. हात गेला. त्या दिवशी त्यांनी मास्तरांना मिठी मारली. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मास्तरांना मिठी मारली नव्हती, आणि त्या वेळी त्यांना वाटलं की एक मोजपट्टी घेऊन कुणी आपलीही लाज मोजावी. ती कमी भरली नसती.

त्यानंतरची गोष्ट उताराची आहे. सायकल चालवली आणि पोट उतरलं, म्हटल्यावर भाऊजी सैल पडले. आता ते बाजाराच्या स्टॉपवरच उतरू लागले. मग शाळेच्या. हँडलजवळचा नॉब फिरवला की पायडल जड व्हायचं, तो त्यांनी सगळ्यात हलक्यावर आणून ठेवला, "गाडी आता उताराला लागलीय, गिअर कशाला?" म्हणत. संध्याकाळची बिस्किटं परत आली. भाताची दुसरी वाढ परत आली. बहिणीने हटकलं तर म्हणत, "दादाला विचार तुझ्या. साडेचाळीस." तिसऱ्या महिन्यात पँट पुन्हा आवळायला लागली, मास्तरांनी उरलेला अर्धा इंचही सोडला. आता शिवणीत सोडायला काही शिल्लक नव्हतं, आणि सायकलीच्या हँडलवर टॉवेल आला होता.

मास्तर रात्री जेवताना भात कमी घेऊ लागले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भाऊजींच्या वाटचं आपण उतरवावं असलं काहीतरी असेल. त्याचा भाऊजींच्या पोटाला उपयोग नव्हता.

तपासणीच्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. डेपोतला टाइमकीपर होता. भाऊजींना "डबलडेकर" हे नाव त्यानेच दिलेलं.

"मास्तर, टेप घेऊन या जरा. तुमचे भाऊजी इथे डॉक्टरीणबाईंशी भांडतायत. म्हणतात बाईंची टेप आखूड आहे. आता तुमच्या टेपनेच निकाल."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मुठीत घेतली. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "चपला घाला. अनवाणी निघालात."

डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर तपासणीची खोली होती. मास्तर त्या चाळीस पायऱ्या चढले तेव्हा त्यांनाही दम लागला. इतरांपेक्षा जरा जास्त, कारण त्यांना वर पोचायचं नव्हतं. खोलीत डॉक्टरीणबाई टेबलामागे, दारात टाइमकीपर आणि चार ड्रायव्हर, आणि मधोमध भाऊजी, शर्ट वर, हात वर, चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचं हसू.

"या. आले बघा," भाऊजी म्हणाले. "बाई, या माणसाने निम्म्या गावाचं माप घेतलंय. एकाचीही पँट घसरलेली नाही. मास्तर, सांगा यांना."

"माझ्या टेपवर सव्वाबेचाळीस आलं," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही घ्या. मला काही हरकत नाही. चुकले असेन तर बरंच आहे."

मास्तरांनी टेप पोटाभोवती फिरवली. सगळे बघत होते. बाई तर थेट बोटांकडे बघत होत्या. कदाचित सहज बघत असतील. पण मास्तरांना वाटलं, बोटं दोन आहेत हे आता भिंतीवरच्या कॅलेंडरलाही कळलंय. सवयीने ती मधल्या फटीकडे सरकली. मास्तरांनी ती उचलली, टोकाला टोक भिडवलं.

"सव्वाबेचाळीस."

भाऊजी हसले. "घाबरलात तुम्ही, मास्तर. कचेरीत आलं की होतं असं. पाणी प्या आणि पुन्हा घ्या."

मास्तरांनी पुन्हा घेतलं. "सव्वाबेचाळीस."

"मग गेल्या रविवारी साडेचाळीस कसं होतं?"

टेप भाऊजींच्या पोटाभोवती तशीच होती, दोन्ही टोकं मास्तरांच्या हातात. लांबून कुणाला वाटलं असतं की मेव्हणे-मेव्हणे गळाभेट घेतायत. मास्तर टेपकडे बघत म्हणाले, "गेल्या रविवारी मधे दोन बोटं होती. माझी. त्याच्या आधीही होती."

"म्हणजे?"

"बेचाळीसच होतं. कधी कमी झालंच नव्हतं. तुम्ही सायकल परत देतो म्हणालात, म्हणून मी..." पुढचं वाक्य त्यांच्याकडे तयार होतं, पण ते इतकं तोकडं होतं की बाहेर काढायची लाज वाटली. "पँटही मीच सोडली. मागून."

दारातून कुणीतरी हसलं. टाइमकीपर हसला नाही. तो म्हणाला, "चला रे, गाड्यांची वेळ झाली," आणि सगळ्यांना घेऊन गेला. मास्तरांना हे पुढे अनेकदा आठवलं, की त्या दिवशी सगळ्यात सभ्य वागला तो टवाळखोर टाइमकीपर.

भाऊजींनी हात हळूहळू खाली आणले. शर्ट खाली ओढला. मागे हात नेऊन पँटची शिवण चाचपली, जशी माणूस खिसा कापला गेल्यावर चाचपतो. मास्तरांकडे त्यांनी बघितलंच नाही. शिवी दिली असती, निदान टोमणा मारला असता, तर मास्तरांनी तो घरी नेऊन जपून ठेवला असता.

"बसा दोघेही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी जुना कागद पुढे ओढला. "हा पहिला दिवस. नाडी शहाण्णव. आणि हे सहाव्या आठवड्यात तुम्ही मधली तपासणी करून गेलात ना, तेव्हाचं. पंच्याऐंशी. पोट तेव्हा मोजलं नव्हतं, नुसती नाडी आणि पायऱ्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी पोटाचंच धरून बसलो होतो," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"पायऱ्या चढून बिल्ल्याचा नंबर सांगितला होता तुम्ही. इथे लिहिलंय. आज नाही सांगता आला, आणि नाडी पुन्हा चौऱ्याण्णव." बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या पहिल्या महिन्यात सायकल काम करत होती. अशी सायकल आधी छातीत काम करते. दम वाढतो, नाडी खाली येते. ते टेपला दिसत नाही. पोटाकडे ती उशिरा येते, आणि एकटी येत नाही. ताटातलं कमी व्हावं लागतं तिच्याबरोबर. तेही मी लिहून दिलं होतं. नुसती सायकल चालवून वजन धडाधड उतरतं असं कुणी सांगत असेल तर ते विकणारे. पण सायकल बिनकामाची आहे असंही नाही. आणखी दोन महिने तशीच चालवली असतीत, नॉब जरा जड करून, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

मास्तरांना वाटलं होतं की दोन बोटांचं बाहेर फुटलं, म्हणजे लाजेचा तळ लागला. तळ खरा इथे होता. सायकल चालत नव्हती म्हणून त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. सायकल चालत होती. फक्त त्यांची टेप जिथे पोचत नाही तिथे चालत होती. तीस वर्षं टेप गळ्यात घालून हिंडणाऱ्या माणसाला, टेपमध्ये जे येत नाही ते नाहीच, असं वाटलं होतं. चालती गाडी त्यांनी स्वतःच्या दोन बोटांनी थांबवली होती.

बाईंनी तीन महिने लिहिले. तोवर स्टेअरिंग बंद. सही केली.

जिना उतरताना मास्तर म्हणाले, "भाऊजी..."

"मला खिडकीत जायचंय, मास्तर. आजपासूनच," भाऊजी म्हणाले आणि दोन पायऱ्या पुढे झाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या गळ्यात टेप दिसेना. ती मशीनच्या खणात असे. गिऱ्हाईक आलं की बाहेर, गेलं की आत. गिऱ्हाइकांना ते टेप दाखवूनच माप सांगत, "बघा, टोकं जुळली," म्हणून. एक म्हातारे गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो मास्तर, मला लेंगा शिवायचाय, जमिनीची मोजणी नाही करायची." अठरा किलोमीटरवाली बस दुकानावरून जाई. नवा ड्रायव्हर होता, त्याला हॉर्न वाजवायचं कारण नव्हतं. तरी वेळ झाली की मास्तरांचा उजवा हात मशीनच्या चाकावरून जरासा उचलला जाई आणि परत खाली येई.

आठवड्याने बहीण आली. मास्तर खाली मान घालून धागा ओवू लागले. ओवलेल्या सुईतच.

"ओरड," ते म्हणाले.

"ओरडायलाच आले होते." ती मास्तरीणबाईंच्या शेजारी बसली. "वहिनी, पाणी द्या आधी. दादा, ती पँट कोण धुतं आमच्या घरी?"

"तू."

"आणि मी कुणाची मुलगी? आपल्या बाबांच्या कात्रीखाली वाढलेय मी. आत घेतलेली शिवण कशी दिसते आणि सोडलेली कशी, मला कळत नाही? ती गडद पट्टी पहिल्याच धुण्यात दिसली मला. दोरीवर घालताना ती पँट मी उलटी घातली, शेजारणीला दिसू नये म्हणून."

मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"घरात शीळ वाजत होती ना रे," ती म्हणाली. तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता. "महिना-दीड महिन्याच्या काळजीनंतर माणूस शीळ घालत होता. म्हटलं, दादाने काहीतरी विचार करूनच केलं असेल. तू मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. पण तू केलंस, म्हणून मी गप्प बसले. म्हणजे बघ, फसवलंस तू आणि घरात राहून फसवत राहिले मी. मी त्यांना हे अजून सांगितलेलं नाही."

मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी तर पहिलं बोट ठेवतानाच पाहिलं होतं." असं करून एका पोटामागे तीन माणसं लपली होती, आणि ज्याचं पोट तो एकटा उघडा पडला होता.

"सांगून टाक त्यांना," मास्तर म्हणाले. "माझ्यासारखा उशीर करू नकोस."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं, उठले, हँडलवरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला आणि सायकलीवर बसले. ना स्टॉप पुकारला ना काही. पण चौकटीतला आकडा पुलापर्यंत गेला, असं बहिणीने फोनवर सांगितलं. ती रोज नाही, पण दोन-चार दिवसांनी सांगायची. नॉब दोनवर आणला. भात एकदाच घेतात. बिस्किटांचा डबा त्यांनी स्वतःच टाइमकीपरला देऊन टाकला. आज कण्हत का होईना "हॉस्पिटल" म्हणाले. मास्तर प्रत्येक वेळी "बरं," म्हणत. माझ्याबद्दल काही म्हणाले का, हे विचारायला जीभ उचलत नसे.

तीन महिन्यांनी एका सकाळी बस दुकानावरून गेली. ड्रायव्हरच्या जागी भाऊजी होते. डॉक्टरीणबाईंनी पायऱ्या चढवल्या होत्या, त्यांनी वर पोचून बिल्ल्याचा नंबर सांगितला होता आणि वर बाईंनाच विचारलं होतं, "उलटा सांगू?" नाडी ऐंशीवर होती. कंबर चाळीसच्या जरा वरच होती, पण बाईंनी गाडी दिली आणि पुढच्या दोन महिन्यांचा कागद दिला. हे सगळं बहिणीकडून कळलेलं. बस गेली तेव्हा मास्तर फुटपाथपर्यंत आले. हॉर्न वाजला नाही.

त्याच रविवारी दुकानाच्या दारात सावली पडली. भाऊजी होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पँट.

"माप घ्यायचंय," ते म्हणाले. मास्तर, कसे आहात वगैरे काही नाही.

मास्तरांनी खणातून टेप काढली. भाऊजी आरशासमोर उभे राहिले, पण या वेळी हात वर केले नाहीत. मास्तरांनी टेप फिरवून बेंबीवर आणली आणि टोकं जुळवली. तेव्हा भाऊजींचा हात पुढे आला आणि त्यांनी स्वतःचं एक बोट त्या सांध्यावरून फिरवलं, अंधारात कडी लागलीय का ते बघतात तसं. दोनदा फिरवलं. मग हात काढला.

मास्तरांचा चेहरा कानापर्यंत तापला. त्यांनी तो आरशात दिसू दिला, वळवला नाही.

"साडेचाळीस," ते म्हणाले.

"हं. डॉक्टरीणबाईंचंही तेच." भाऊजींनी पँट काउंटरवर ठेवली. "ही आत घ्यायची."

"किती?"

"तुम्ही किती सोडली होती?"

"दीड इंच."

"मग एकच घ्या आत्ता. कंबर अजून पुरती आलेली नाही." ते वळले, दारात थांबले. "उरलेला अर्धा इंच आला की सांगेन."

"भाऊजी," मास्तर म्हणाले, "माझं चुकलं."

भाऊजींनी ऐकलं. मानेने की खांद्याने, काहीतरी हललं. "बुधवारी नेतो," एवढं म्हणून ते गेले.

मास्तरांनी पँट उलटी केली, ब्लेडने शिवण उसवली. गडद पट्टी आता तेवढी गडद राहिली नव्हती. धुऊन धुऊन बाकीच्या कापडाच्या जवळ आली होती. त्यांनी इंच आत घेतला, खडूने रेघ मारून, दोनदा मोजून. उरलेला अर्धा इंच तसाच बाहेर ठेवला. शिवण संपवून त्यांनी धागा तोडला नाही. शेवटी हातभर तसाच लोंबू दिला, पुढे लागेल म्हणून.

"तोडायचा राहिला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"असू दे," मास्तर म्हणाले.